कळकवाडीचा ओटीपी

ठमीला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिचा नवरा सखा रेल्वेत गँगमन होता, घाटातल्या रुळांवर. ठमी रोज दुपारी त्याची भाकर घेऊन जायची, आणि गँग आज कुठे काम करते आहे हे तिला रुळाशेजारच्या खांबांच्या नंबरांवरून शोधावं लागायचं. नंबर चुकला की भाकर बोगद्याच्या एका तोंडाला आणि सखा दुसऱ्या तोंडाला. असं दोनदा झालं, दोन्ही वेळा सखाने घरी येऊन भांडं आपटलं, आणि आठवडाभरात ठमी शून्य ते नऊ शिकली. सखा वारला त्याला नऊ वर्षं झाली. आकडा वाचताना ती अजूनही खांबावरचा वाचावा तसा एकेक सुटा करून, मोठ्याने वाचते.

हे आधी सांगायचं कारण असं, की रसायनीच्या एका कारखान्याचं गेट पावणेतीन तास बंद पडलं, चाळीस टँकर रस्त्यावर उभे राहिले, आणि माझ्या टीममधल्या एका चांगल्या मुलाची नोकरी जाता जाता राहिली, या सगळ्याचा ठमीच्या आकड्यांशी संबंध आहे. मी श्रद्धा. नेरळजवळच्या शेलूच्या नव्या वसाहतीत सातव्या मजल्यावर राहते, घरूनच काम करते, आणि माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांनी कामं नीट केली तर मला तापायचं काही कारण नाही.

कळकवाडी कर्जतच्या पुढे, घाट चढायला लागतो तिथे, ठाकुरवाडी स्टेशनाच्या खालच्या अंगाला आहे. ठाकर समाजाची एकतीस घरं. फोनला रेंज फक्त एका जागी मिळते, वाडीच्या खालच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली एक सपाट कातळ आहे तिथे. तिथेही फोन लागतो आणि मेसेज येतो, बाकी काही नाही. ठमी सकाळी जंगलातून आली की दिवसभर त्या कातळावर बसते, कारण घरात एकटीने बसून करायचं काय. तिचा बटणांचा फोन कमरेच्या पिशवीत असतो.

त्यामुळे वाडीत एक पद्धत पडली. कुठलाही फॉर्म आला, रेशनचा, गॅसचा, आधारचा, शाळेचा, जातीच्या दाखल्याचा, की मोबाईल नंबरच्या रकान्यात ठमीचा नंबर लिहायचा. वाडीत इतरांकडेही फोन आहेत, चांगले मोठे आहेत, पण ते घरात असतात आणि घरात ते फोटो बघायच्या कामाचे. उचलला जाणारा नंबर ठमीचाच. ज्याचा ओटीपी यायचा असेल तो आपल्या अंगणातून ठमीला हाक मारतो, ठमी आकडे ओरडून सांगते, तो टाकतो. सरकारी नोंदीत एकाच नंबरावर एकतीस कुटुंबं आहेत आणि आजवर एकाही साहेबाला त्यात काही वावगं दिसलेलं नाही.

ठमीला मेसेजमधली अक्षरं वाचता येत नसल्याने हा आकडा रेशनचा की गॅसचा हे तिला कळत नाही. कोणी हाक मारली त्यावरून ती तो कोणाचा ते ठरवते. हाक न मारता आलेला आकडा परक्याचा. हा नियम तिने एकदा पोळल्यावर केला. पूर्वी एकदा कुणीतरी फोन करून, ‘गॅसवाला बोलतोय, नंबर सांगा,’ म्हणाला आणि तिने सांगितला. वाडीतल्या पोशाच्या नावचा सिलिंडर खाली कुठल्यातरी बंगल्यावर उतरला. पोशाच्या घरी महिनाभर लाकडावर स्वयंपाक झाला. पोशा तिला एका शब्दाने बोलला नाही, उलट ‘होतंय गं’ म्हणाला. ठमीला ते लागलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं, असं ती अजून म्हणते. तेव्हापासून नियम पक्का: ज्याचा नंबर त्याने समोर यायचं, नाहीतर स्वतःच्या गळ्याने अंगणातून हाक मारायची. फोनवरचा आवाज चालत नाही.

आता रोहिदास. रोहिदास निरगुडा ठमीच्या दिराचा मुलगा. आश्रमशाळेत शिकला, मग कर्जतला कॉलेज केलं, कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि आमच्या कंपनीत लागला. कमी बोलतो, काम चोख करतो, आणि चूक झाली तर ‘चूक झाली’ असं म्हणतो. या शेवटच्या गुणामुळे सुरुवातीला मी त्याच्यावर फारच तापायची, कारण पुढे भांडायला काही उरायचंच नाही. कर्जतच्या केबलवाल्याने झाडांवरून वायर ओढत त्याच्या घरापर्यंत इंटरनेट नेलं आहे. वानरांनी त्यावर झोके घेतले नाहीत तर ते उत्तम चालतं.

आमचं काम थोडक्यात असं. रसायनीच्या त्या कारखान्यात टँकर आत-बाहेर जायचे तर गेटपास लागतो, आणि गेटपास देणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. ते एका मोठ्या कॉम्प्युटरवर नसतं. त्याचे छोटे छोटे भाग करून एकेक भाग बंद डब्यात घातलेला असतो. त्या डब्यांना कंटेनर म्हणतात. असे शेकडो डबे सांभाळणाऱ्या मशिनींच्या जथ्याला क्लस्टर म्हणतात. एखादा डबा पडला तर क्लस्टर दुसरा उभा करतो. या क्लस्टरशी बोलायचं तर काळ्या खिडकीत कमांड टाईप करायची. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. ज्या अवजाराने आम्ही बोलतो त्याचं नाव उच्चारायचे चार प्रकार आहेत, आणि आमच्या टीममध्ये चारही आहेत.

क्लस्टर कुणाचंही ऐकत नाही. आधी ओळख पटवावी लागते. आपल्या मशीनमध्ये एक फाईल असते, तीत लिहिलेलं असतं की कुठल्या क्लस्टरशी बोलायचं आणि कोण म्हणून बोलायचं. मग लॉगिनची कमांड द्यायची, पासवर्ड टाकायचा, मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येतो तो तीन मिनिटांत टाकायचा. बरोबर असेल तर आठ तासांचं टोकन मिळतं. आठ तास तुम्ही तुम्ही असता. नंतर परत सिद्ध करायचं.

नोकरीला लागताना रोहिदासने फॉर्म भरला. मोबाईल नंबरच्या रकान्यात त्याने, वाडीतला कुणीही भरेल तसा, ठमीचा नंबर भरला.

मला हे पहिल्याच आठवड्यातल्या एका मीटिंगमध्ये कळलं. रोहिदासचा माईक चालू राहिला होता. आधी तो लांब जाऊन, ‘काके, सोडला गं!’ असं ओरडला. मग डोंगरातून एका बाईचा आवाज आला: ‘च्यार! शून्य! सात! सात! यक! नऊ!’ आणि वाडीतल्या कुठल्यातरी पोरीने ते आकडे पुन्हा गाण्यासारखे म्हणून दाखवले. कारखान्याची तीन माणसं त्या मीटिंगमध्ये होती. त्यांना वाटलं टीव्ही चालू आहे.

मी त्याला वेगळा फोन केला. तापले, हे सांगायला नको. तो सगळं ऐकून म्हणाला, “मॅडम, चूक झाली. नंबर बदलून घेतो.” नंबर बदलायचा फॉर्म कारखान्याकडे जातो आणि त्यावर तीन सह्या लागतात. पहिली सही झाली. दुसरी ज्यांची हवी होती त्यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. अशा रीतीने चौदा महिने रोज सकाळी नऊ वाजता आमच्या कंपनीचा सर्वात गुप्त आकडा कळकवाडीत ओरडून सांगितला जात होता.

मग कारखान्याची सुरक्षा तपासणी आली. योगेंद्र नावाचे गृहस्थ तिकडचे सुरक्षा अधिकारी. त्यांनी साठ प्रश्नांची यादी पाठवली. चौतिसावा प्रश्न होता: प्रत्येकाचा ओटीपी फक्त त्याच व्यक्तीच्या हाती जातो का? मी त्या प्रश्नासमोर चहाचा एक कप संपेपर्यंत बसले. ‘नाही’ लिहिलं तर रोहिदासचा प्रवेश त्याच दिवशी बंद होणार होता, आणि आमच्या धंद्यात ज्याला क्लस्टरमध्ये शिरता येत नाही त्याला कंपनी महिनाभरात नारळ देते. त्याच्यावर घर होतं, बहिणीचं नर्सिंग होतं. मी ‘होय’वर खूण केली. त्याच यादीत टीमच्या प्रमुखाने स्वतः चालू क्लस्टरमध्ये हात घालू नये असंही होतं. तिथे मात्र मी बाणेदारपणे माझा स्वतःचा प्रवेश काढून टाकायला लावला आणि तसं सगळ्यांना ईमेलने कळवलं.

वैशाखातला मंगळवार होता. आदल्या शुक्रवारी किरणने, म्हणजे रोहिदासशिवाय प्रवेश असलेल्या एकुलत्या एका माणसाने, नोकरी सोडली होती. आणि रोहिदास रजेवर होता. मामेबहिणीचं लग्न होतं, डोंगरापलीकडच्या वाडीत, जिथे कातळावरसुद्धा रेंज नाही. ती रजा मीच मंजूर केली होती. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, फक्त मी त्या एकत्र करून पाहिल्या नव्हत्या.

दहा चाळीसला गेटपास बंद पडला. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या नव्या आवृत्तीत काहीतरी खोट होती. डबा उभा राहायचा आणि पडायचा, क्लस्टर पुन्हा उभा करायचा, तो पुन्हा पडायचा. उपाय एका कमांडचा होता: जुनी आवृत्ती परत आणायची. चार मिनिटांचं काम. मी माझ्या नावाने लॉगिन करून पाहिलं. तुम्हाला परवानगी नाही, असं उत्तर आलं. मीच काढून घेतलेली परवानगी.

योगेंद्रांकडे अडीअडचणीसाठी एक मोहोरबंद पासवर्ड असतो. त्यांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. आज आमच्याकडे आत शिरू शकणारं एकही माणूस नाही, हे त्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. तपासणीच्या वेळी मी त्यांना फार शहाणपणा शिकवला होता.

त्याऐवजी मी रोहिदासचं टिपण उघडलं. रजेवर जाताना कामाचं टिपण ठेवायचं असतं, आणि त्यात रोहिदासने स्वतःचा पासवर्डही लिहून ठेवला होता. वाडीत माणूस परगावी जाताना चावी कुठे आहे हे शेजारी सांगूनच निघतो. याबद्दल त्याला मी आधी एकदा झापलं होतं. आता मी माझ्या मशीनमधल्या त्या ओळख पटवायच्या फाईलमध्ये माझ्या नावाच्या जागी रोहिदासचं नाव घातलं. फाईल काही बोलत नाही, तुम्ही लिहाल ते ठेवून घेते. लॉगिनची कमांड दिली, पासवर्ड टाकला, तो बरोबर निघाला, आणि क्लस्टरच्या दारातून ओटीपी कळकवाडीला गेला.

मी ठमीला फोन लावला.

“कोन बोलतंय?”

“मी रोहिदासची मॅडम बोलते. तुमच्या फोनवर आत्ता एक नंबर आला असेल.”

“आलाय.”

“तो जरा सांगता का?”

“रोहिदास कुटं हाय?”

“लग्नाला गेलाय ना तो, डोंगरापलीकडे.”

“मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय का ते बघत व्हते.”

“मग सांगा ना. इथे गाड्या अडकल्यात.”

“त्यानं हाक नाय मारली.”

“तो तिथे नाहीच, तर हाक कशी मारेल?”

“मंग म्या तरी नंबर कसा दिऊ?”

तीन मिनिटं झाली, तो ओटीपी मेला. मी दुसरा मागवला आणि परत फोन लावला. या वेळी समजावणीच्या सुरात बोलले. मोठा कारखाना आहे, टँकरमध्ये ॲसिड आहे, उन्हात उभे आहेत. ठमी म्हणाली, “मंग सावलीला लावा म्हनावं.” तिसऱ्या वेळी मी तापले. मी म्हटलं, मी त्याची साहेब आहे, त्याला रजा मीच दिली, त्याचं काम मीच ठरवते. ती म्हणाली, “असाल बाई. पर तुमी रोहिदास नाय.” मी फोन ठेवला आणि चौथा ओटीपी मागवला.

चौथ्या वेळी मी जे बोलले ते आज लिहितानाही मला लाज वाटते. मी म्हटलं, “नंबर दिला नाहीत तर रोहिदासची नोकरी जाईल. तुमच्यामुळे जाईल.”

ती म्हणाली, “पोशाला धाडलाय त्याला आनाया. तुमचा पयला फोन आला तवाच धाडला. जाया-याया दीड-दोन घंटं लागत्याल. तवर तुमी च्या घ्या.” आणि तिने फोन ठेवला.

मी तरीही पाचव्यांदा ओटीपी मागवला. या वेळी तिने फोन उचललाच नाही. पाच अपुरे प्रयत्न झाल्यावर खातं दोन तासांसाठी बंद होतं, हा नियम मी विसरले होते. तो नियम आमच्या माहितीपत्रकात आहे. माहितीपत्रक मी लिहिलं आहे.

बाराच्या पुढे पन्नास मिनिटं झाली तेव्हा रोहिदासचा निरोप आला. तो डोंगर उतरून, लग्नाच्या कपड्यांत, घरी येऊन बसला होता. “मॅडम, आलो. पण खातं लॉक दाखवतंय. एक वीसला उघडेल. कुणीतरी पाचदा प्रयत्न केलेत.”

“अस्सं?” मी लिहिलं.

अर्धा तास तो कॉम्प्युटरसमोर आणि मी कॉम्प्युटरसमोर, दोघं घड्याळ बघत बसलो. कारखान्याच्या गेटबाहेर ड्रायव्हर लोकांनी टँकरपासून लांब, झाडाखाली चटया अंथरल्या होत्या, असं तिथल्या वॉचमनने कळवलं. एक वीसला रोहिदासने हाक मारली, ठमीने आकडे सांगितले, आणि एक चोवीसला गेट उघडलं. रोहिदास परत लग्नाला गेला. अक्षता चुकल्या होत्या, जेवण मिळालं.

बुधवारी सकाळी योगेंद्रांचा फोन आमच्या वरच्या साहेबांना आला. त्यांच्या नोंदीत सगळं होतं. कुणीतरी रोहिदासच्या नावाने पाच वेळा आत शिरायला पाहत होतं. पासवर्ड बरोबर, ओटीपी एकदाही टाकला नाही. प्रयत्न कर्जत-नेरळ बाजूच्या इंटरनेटवरून झाले. म्हणजे रोहिदासने आपला पासवर्ड कुणा ओळखीच्याला दिला असणार. साहेबांनी मला सांगितलं, “अशा माणसाला ठेवता येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे, मग त्याला पत्र देऊ.”

मी ‘बरं’ म्हणाले.

ते ‘बरं’ मी का म्हणाले याची कारणं मी दिवसभर स्वतःला देत होते. पासवर्ड त्याने लिहून ठेवायला नको होता, हे खरंच होतं. मी खरं सांगितलं तर चौतिसावा प्रश्न निघणार, म्हणजे त्याचा प्रवेश तसाही जाणार. असा मुलगा कुठेही लागेल. सगळी कारणं छान होती. खरं कारण एवढंच, की मी घाबरले होते. बारा वर्षांत कमावलेलं नाव एका रिपोर्टात घालवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

संध्याकाळी रोहिदासचा फोन आला. साहेबांनी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, पासवर्ड टिपणात मीच लिहिला होता. चूक माझी. तेवढं रिपोर्टात लिहा.”

मी विचारलं, “रोहिदास, ते पाच प्रयत्न कुणी केले, तुला माहीत आहे?”

“काकीनं सांगितलं मंगळवारीच.”

“मग साहेबांना का नाही बोललास?”

“तुम्ही सांगाल म्हटलं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तापून मोकळी झाले असते. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले, भांडी घासलेलीच होती ती परत घासली, आणि मग बसून रिपोर्ट लिहिला.

रिपोर्टात चारच मुद्दे होते. पाचही प्रयत्न मी केले. चौतिसाव्या प्रश्नाचं उत्तर मी जाणूनबुजून खोटं दिलं. रोहिदासचा ओटीपी चौदा महिने श्रीमती ठमी सखा निरगुडा यांच्या फोनवर जात होता. त्यांनी तो रोहिदासच्या स्वतःच्या हाकेशिवाय कुणालाही दिला नाही, मलाही नाही. साहेबांना पाठवला आणि त्याच वेळी योगेंद्रांनाही पाठवला, नाहीतर साहेबांनी तो सुधारायला लावला असता.

योगेंद्रांनी गुरुवारी मला फोन केला. “त्या बाईंना तुम्ही काय काय सांगितलंत? क्रमाने सांगा.” मी सांगितलं. ओळख सांगितली, मग घाई केली, मग हुद्दा दाखवला, मग नोकरी जाईल अशी धमकी दिली. पलीकडे लिहिल्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, “भामटे अगदी याच क्रमाने बोलतात. आमच्या प्रशिक्षणात तसंच दिलंय. तुम्ही तो कोर्स केलाय का?”

“मी तो शिकवते,” मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं.

निकाल असा लागला. माझं प्रमुखपद एक वर्षासाठी गेलं आणि तो कोर्स मला पहिल्यापासून करावा लागला, समोर बसून. रोहिदासला पासवर्डबद्दल लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. चौदा महिने रखडलेल्या सह्या एका दिवसात झाल्या आणि त्याच्या मोठ्या फोनवर, घरच्या इंटरनेटवर ओटीपी देणारं ॲप आलं. योगेंद्रांच्या अहवालात ठमीचं नाव नाही. त्यांच्या भाषेत पासवर्ड हा पहिला घटक आणि त्यानंतरची खात्री हा दुसरा; तिचा उल्लेख ‘दुसरा घटक’ असा आहे, आणि दुसऱ्या घटकाने अपेक्षेप्रमाणे काम केलं असं लिहिलं आहे. मग दुसरा घटक काढून टाकण्यात आला.

त्यानंतरच्या रविवारी मी कळकवाडीला गेले. कर्जतहून जीप, मग पाऊण तास चढ. मी चढाची माणूस नाही. रोहिदास वाटेवर न्यायला आला होता, पण मी त्याला म्हटलं, तू घरी थांब, मला एकटीला बोलायचंय.

ठमी कातळावर बसून चिंचा फोडत होती. लहानखुरी बाई, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, केस अजून काळे. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, “मी रोहिदासची मॅडम. म्हणजे होते.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “फोनात आवाज लय मोठा व्हता,” ती म्हणाली. “बस.”

मी बसले. माफी मागायची तर ती एका दमात मागावी म्हणून मी सगळं बोलून टाकलं. धमकी दिली ती. नंतर एक दिवस गप्प बसले तो. त्या एका दिवसात रोहिदासची नोकरी गेली असती, आणि मी जाऊ देणार होते. हेही सांगितलं.

“रायली न्हवं?” ठमीने विचारलं.

“राहिली.”

“मंग झालं.” तिने दोन चिंचा फोडल्या, चिंचोके एकीकडे टाकले. मग हात थांबवून म्हणाली, “त्या दिशी तुजं आयकून म्हनलं, पोराची नोकरी माज्या पायी जाते का काय. आकडा समोरच व्हता. पाच-सात येळा वाचला. व्हटावर आला व्हता.”

“मग दिला का नाहीत?”

“तुला दिला आसता, तर उद्या वाडीतलं कोन माजा नंबर कागदावर लिवंल? येकदा पोशाचं झालं. त्यो गप रायला. दुसऱ्यांदा समदी गप रायली आसती, आन नंबर मातर दुसऱ्या कुनाचा लिवला आसता.”

“आणि खरंच नोकरी गेली असती तर?”

तिने पदराने डोळे पुसले, चिंचेचा हात लागला म्हणून पुन्हा पुसले. “तर त्याला तोंड दावाया मला लय जड गेलं आसतं,” ती म्हणाली. “तरी नसता दिला.”

मला रडू आलं. मी चिंचा आंबट आहेत का ते पाहायच्या निमित्ताने एक तोंडात टाकली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुजं नाव काय गं?”

चार वेळा तिच्याशी बोलले होते आणि नाव एकदाही सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. “श्रद्धा.”

“कुनाची? कुटली?”

“येसाजी मालुसऱ्यांची. शेलूची.”

तिने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. “हां. आता कवा फोन केलास तर आसं नाव सांगून बोल.”

“नाव सांगितलं तर नंबर द्याल?”

“नाय,” ठमी म्हणाली, आणि निम्म्या चिंचा माझ्यापुढे सरकवल्या.